खटक्यांच्या वेळी चहा

माणूस ग्रीस चाखून बघतो हे मी पहिल्यांदा पाहिलं, त्या दिवशी माझा जेवणाचा डबा न उघडताच घरी परत गेला.

गंगापूर धरणाच्या काठावर आमचा शिडाच्या होड्यांचा एक छोटासा क्लब आहे. "नाशकात कुठे गं समुद्र?" असं माझ्या आत्याने तोंडावर पदर धरून विचारलं होतं, पण पाणी आहे, वारा आहे आणि रविवार रिकामा आहे, तर माणसाने काय करायचं? मी तिथे नवीनच जायला लागले होते. सेक्रेटरींनी हौसेने ग्रीसचा नवा डबा आणला होता. एक उंच, वाळका म्हातारा पुढे झाला. त्याने डब्यात करंगळी बुडवली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि बाजूला जाऊन थुंकला.

"वाळू शे यामां," तो म्हणाला आणि डबा सेक्रेटरींच्या हातात परत दिला.

मी हबकून शेजारच्या डॉक्टरांकडे पाहिलं. ते लहान मुलांचे डॉक्टर, त्यामुळे तोंडात काहीही घालणाऱ्यांची त्यांना सवय. शेंगदाणे खात म्हणाले, "फिटरकाका आहेत ते. तुम्हालाही सवय होईल."

मला सवय कधीच झाली नाही. पुढची चार वर्षं ते मला धक्के देत राहिले आणि मी दर वेळी तितकीच हबकत राहिले.

काकांचं नाव क्लबात कुणी घेत नसे. हजेरीच्या वहीत सहीच्या जागी ते 'फिटर' एवढंच लिहायचे. मूळचे सटाण्याकडचे, उभी नोकरी एकलहऱ्याला वीज केंद्रात, आणि निवृत्तीनंतर नाशिकरोडहून दर रविवारी दोन बस बदलून धरणावर. क्लबात विंचूरच्या एका वाइनवाल्याने मुंबईहून ट्रेलरवर टाकून आणलेली चोवीस फुटी जुनी होडी होती. काकांना पोहता येत नव्हतं, शिडातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांचा जीव होता तो होडीवरच्या दोन विंचांवर.

विंच म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. वारा भरलेलं शीड माणसाच्या हाताला आवरत नाही. म्हणून त्याची दोरी होडीच्या कडेला बसवलेल्या एका बुटक्या ड्रमवर दोन-तीन वेढे देऊन घ्यायची आणि वर हँडल लावून फिरवायचं. ड्रम पुढे फिरतो, मागे फिरत नाही, कारण आत बोटाच्या पेराएवढे खटके असतात आणि प्रत्येक खटक्यामागे एक बारीक स्प्रिंग. फिरवताना टक-टक-टक असा आवाज येतो, तो या खटक्यांचा. खटका वेळेवर बाहेर आला नाही तर शिडातला सगळा वारा दोरीवाटे हँडलवर येतो आणि हँडल उलटं सुटतं. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी कॉलेजात मुलांना घर्षण शिकवत होते आणि मला सगळं येतं अशा थाटात वावरत होते. काका मला मास्तरीणबाई म्हणायचे. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मी विचारलं नाही.

त्या टकटकीला काका फार जपत. एकदा कुणा बड्या पाहुण्यांनी होडीत स्पीकर लावला. काकांनी तो उचलला, बर्फाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावून वर बसले.

"अहो, खराब होईल तो!" पाहुणे ओरडले.

"व्हऊ द्या," काका म्हणाले. "गाणी घरी. इथं इंच काय बोलतो ते ऐकायचं."

ते विंचला इंच म्हणायचे. रागावले की त्यांची बोली थेट बागलाणात जायची, आणि ते बऱ्याच वेळा रागावायचे.

वर्षातून दोनदा विंच उघडायचे, असा त्यांचा नेम. एकदा अक्षय तृतीयेला, जिला ते आखाजी म्हणत, आणि एकदा खंडेनवमीला, हत्यारांची पूजा असते म्हणून. त्या दिवशी ते घरून जुनं पांढरं धोतर, सात-आठ वापरलेले टूथब्रश, बाटलीभर डिझेल आणि स्टीलचं एक मोठं ताट घेऊन यायचे. विंच उघडला की एकेक भाग डिझेलमध्ये धुवायचा, पुसायचा आणि ताटात वाढायचा. वाढायचाच म्हणते, कारण तो शब्द त्यांचा. मिठाच्या जागी सगळ्यात वरची कडी. डावीकडे चटणीच्या जागी स्प्रिंगा, लोणच्याच्या जागी खटके. उजवीकडे भाजीच्या जागी बेअरिंग. मधे भाताच्या जागी ज्याच्यावर सगळं फिरतं तो दांडा. सगळे दात असलेली चक्रं पोळीच्या जागी, एकावर एक.

"ताट ओळखीचं असतं," ते म्हणायचे. "लोणचं कुठं बसतं हे अडाण्यालाबी ठाऊक हाय. मग काय चुकंल?"

मी पहिल्या वेळी मोठ्याने हसले. दुसऱ्या वेळी लक्षात आलं की चोवीस भाग खोलून परत बसवले आणि एकही उरला नाही की इकडचा तिकडे गेला नाही. मला स्वतःचा मिक्सर उघडून तसा परत बसवता आलेला नाही.

मग ग्रीस. "ग्रीस म्हणजे तूप," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पोळीला लावायचं. पोळी त्यात पोहायला सोडायची नाय." मी चक्रांना ब्रशने ग्रीस लावायची आणि ते चष्म्यावरून बघायचे. जास्त झालं की माझ्या हातातून भाग काढून घ्यायचे, सगळं पुसायचे आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवायचे. एकदा मी सलग पाच वेळा लावलं. माझ्या विद्यार्थ्यांनी हे पाहिलं असतं तर त्यांना फार बरं वाटलं असतं.

आणि मग यायचा चहा. चक्रं झाली, बेअरिंग झाली, ताटात डावी बाजू तेवढी उरली की काका मान वर करून म्हणायचे, "मास्तरीणबाई, चहाचं बघा."

चहाची टपरी रस्त्यावर, क्लबापासून दहा मिनिटं चढण. जाऊन येईपर्यंत अर्धा तास जायचा. परत यावं तर दोन्ही विंच बंद, ताट धुतलेलं आणि काका रुमालाने तोंड पुसत बसलेले. मला वाटायचं, म्हाताऱ्याला चहाची तलफ येते, दुसरं काय. डॉक्टर असले तर डॉक्टरांनाही पाठवायचे. एकदा आम्ही थर्मासमध्ये चहा आधीच आणून ठेवला, तर म्हणाले, "हा गार झाला. दुसरा आना." थर्मासमधून वाफा येत होत्या.

त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. अंगठ्याशेजारचीच दोन. त्याचं कारण विचारलं की दर वेळी नवी गोष्ट. डॉक्टरांच्या मुलींना त्यांनी उसातल्या बिबट्याची सांगितली होती. सेक्रेटरींना लग्नातल्या फटाक्याची. मला म्हणाले, "बायकोनं पोळ्या लाटायला मागितली, दिली." मी हसावं की नाही या गोंधळात तशीच उभी राहिले, आणि ते खो खो हसले.

त्या वर्षी खंडेनवमीला काका आले नाहीत. सटाण्याला त्यांची बहीण आजारी होती. फोनवर म्हणाले, "मी चार दिवसांत येतो. तंवर उघडू नका."

मी उघडला, दोनांतला एक विंच. खरं सांगायचं तर मला दाखवायचं होतं. चार वर्षं शेजारी बसून पाहिलं होतं, ताट पाठ होतं, आणि सणाचा दिवस टळू नये असं सगळ्यांनाच वाटत होतं. घरून धोतर नाही तर जुनी चादर नेली. ताट नेलं. चोवीस भाग वाढले, सेक्रेटरींनी फोटो काढला. आणि सणाचं ताट म्हणून हात जरा सढळ ठेवला. चक्रांना, बेअरिंगला आणि डाव्या बाजूला उरलेल्या खटक्यांनाही मी छान भरपूर ग्रीस लावलं. खटक्यांना काय लावतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं, पण ज्याने सगळं लावलं त्याने तेही लावलं असणार, एवढं साधं गणित मी केलं. वर हळद-कुंकू, झेंडूचा हार. हँडल फिरवलं, टक-टक आवाज आला. टाळ्या पडल्या.

काका परत आले तेव्हा आम्ही सातआठ जण होतो. सेक्रेटरींनी अभिमानाने फोटो दाखवला. काकांनी तो फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"खटके केले?" त्यांनी मला विचारलं.

"केले की, सगळं केलं," मी म्हणाले.

त्यांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं. आजूबाजूला पाहिलं, आणि मिटलं. "बरं," म्हणाले. मला वाटलं, म्हाताऱ्याचा अहंकार दुखावला.

डिसेंबरात नाशिकची थंडी धरणावर दुप्पट होते. त्या रविवारी पाण्यावर धुकं होतं आणि त्र्यंबकच्या बाजूने जोराचा वारा. डॉक्टर सुकाणूवर, मी विंचवर, काका माझ्या शेजारी, कानाला मफलर न बांधता, कारण कान उघडे हवेत. शीड भरलं. मी हँडल फिरवायला लागले. टक, टक, टक. दोरी ताठ झाली. अजून जोर लावला.

"हात काढा!" काका ओरडले.

मला काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. आवाज थांबला होता, एवढंच, आणि ते माझ्या कानांना कळलं नव्हतं. मी "का?" असं विचारलं सुद्धा. त्यांनी माझ्या मनगटावर इतक्या जोरात फटका मारला की माझा हात हँडलवरून उडाला, आणि त्याच क्षणी हँडल उलटं गरगरलं. काकांचा हात अजून तिथेच होता. उजवा, पाच बोटांचा. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो आवाज खटक्यासारखाच होता, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ते ओरडले नाहीत. तोंड पांढरं पडलं. डॉक्टरांनी स्वतःच्या मफलरने त्यांचा हात छातीशी बांधला तेव्हा ते फक्त म्हणाले, "त्या इंचला कोनी हात लावू नका." मी बाजूला बसले होते आणि माझा हात धडधाकट मांडीवर होता.

कारण कळायला रात्रीपर्यंत वाट बघायची गरज पडली नाही. दुपारीच मी फोनवर शोधलं आणि पहिल्याच ओळीत सापडलं. खटक्यांना ग्रीस कधीही लावायचं नाही, फक्त पातळ तेलाचा एक थेंब. थंडीत ग्रीस घट्ट होतं आणि खटका चिकटून बसतो. घर्षण शिकवणारी बाई!

संध्याकाळी क्लबाच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला. 'काकांनी चूक आपली असल्याचे मान्य केले आहे. त्यांच्या वयाचा विचार करता यापुढे त्यांना होडीवर घेऊ नये असे ठरले आहे.' त्याखाली एकेकाने जोडलेले हात टाकले. मीही जोडलेले हात टाकले. त्या दिवसातला सगळ्यात मोठा धक्का मला हँडलने दिला नाही, माझ्या अंगठ्याने दिला.

आठ दिवस मी गप्प राहिले. नवव्या दिवशी डॉक्टरांच्या मदतीने विंच होडीवरून सोडवला, चादरीत गुंडाळला आणि नाशिकरोडला काकांच्या घरी गेले. दार त्यांच्या सुनेने उघडलं. काका खाटेवर बसले होते, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. माझ्याकडे पाहिलं नाही, चादरीकडे पाहिलं.

"ताट आनलं का?"

"आणलंय."

"उघडा मग."

मी जमिनीवर बसून विंच उघडला. मीठ, भाजी, भात, पोळी, सगळं वाढलं. शेवटी खटके निघाले, पिवळ्या घट्ट ग्रीसमध्ये रुतलेले. मी ते लोणच्याच्या जागी ठेवले आणि मला पुढे बघवेना.

"काका, हे मी केलं. तुम्ही सेक्रेटरींना स्वतःचं नाव का सांगितलंत? मला वाचवायला?"

"तुमाला वाचवायला?" ते खवळले. "मी काय देव शे? मन्ही चूक शे, म्हनून सांगितलं." मग शांत होऊन त्यांनी डावा हात वर केला, तीन बोटांचा. "उजव्यात खटका असतो, आन् ह्या हाताने स्प्रिंग धरता येत नाय मला. एवढीशी असती. चिमटीच नाय, तर धरू कशी? म्हनून मी तोंडात धरतो. कवळीवरून निसटती, म्हनून कवळी काढून. चार शिकलेल्या लोकांत म्हाताऱ्याने कवळी काढून लोखंड चघळायचं, बरं दिसतं का? म्हनून चहाला पाठवायचो. चार वर्सं तुमाला खटके दावले नाय. त्या दिवशी फोटो बघितला तवा इचारनार होतो, तेल का ग्रीस. लोक उभे होते. इचारलं नाय. मंग चूक कोनाची?"

चहाच्या त्या चार वर्षांच्या चढणी माझ्या डोळ्यांपुढून गेल्या.

"मग तो बिबट्या?" मी विचारलं.

"कसला बिबट्या. गावी विहीर खोदत होतो. गाळ काढायची यारी असती ना, दोरखंडाची, तिलाबी खटका असतो. थंडीचे दिवस. मी तरणा, लय शहाणा. खटक्याला बदाबदा ग्रीस दिलं. दगडाची पाटी वर आली आन् खटका धरंना. खाली माझा भाऊ. मी हँडल सोडलं नाय. भाऊ वाचला, बोटं गेली." त्यांनी उरलेल्या बोटांनी गुडघा चोळला. "सोताच्या ग्रीसनं बोटं घालवलेल्या फिटरला काम कोन देईल? म्हनून बिबट्या."

दारात त्यांची सून उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिलाही हे आत्ताच कळत होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून तीही फटाक्याची गोष्ट ऐकत आली होती.

मी फोन काढला आणि ग्रुपवर लिहायला लागले. खंडेनवमीला विंच मी उघडला, काकांनी नको सांगितलं असताना उघडला, खटक्यांना ग्रीस मी लावलं, आणि माझा हात वाचवताना त्यांचा मोडला. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं.

"त्यात घाला," काका म्हणाले, "फिटर खटके लपवून करायचा."

"ते नाही घालणार."

"घाला. नाय तर पाठवू नका."

मी घातलं आणि पाठवलं. लगेच फोन टिणटिणायला लागला. काकांनी तो माझ्या हातातून घेतला, उशीखाली दाबला आणि त्यावर टेकून बसले.

"पुसा ते ग्रीस. कोरडं करा."

मी डिझेलने खटके धुतले, तीन वेळा पुसले. ताटात लोणच्याच्या जागी ठेवले. आता ते मान वर करतील आणि चहाचं बघा म्हणतील, अशी इतक्या वर्षांच्या सवयीने मी उठायलाच लागले.

"बसा," ते म्हणाले. सुनेलाही हाक मारली, "ये तूबी. बघ."

त्यांनी कवळी काढली आणि ताटाशेजारी ठेवली. गाल आत गेले, तोंड एकदम दुसऱ्याच कुणाचं तरी झालं. मी नजर चोरणार होते, पण ते माझ्याकडेच बघत होते. त्यांनी स्प्रिंग जिभेवर घेतली. ओठांत खटका धरला. डाव्या हाताच्या तीन बोटांनी विंचचा दांडा मांडीवर आडवा धरला, त्यावर वाकले, आणि लहान बाळ दुधाला लागावं तसं त्यांचं तोंड त्या लोखंडाला लागलं. जिभेने स्प्रिंग मागे सारली, ओठांनी खटका जागेवर बसवला. वर आले तेव्हा ओठाला काळी रेघ होती. त्यांनी उरलेल्या दोन बोटांच्या बेचक्यात सुई धरून तिच्या टोकावरून तेलाचा एकच थेंब सोडला. त्यांच्या बोळक्या तोंडातून शब्द नीट निघत नव्हते, तरी ते म्हणाले, "हाई तेलनं काम शे. ग्रीसनं नही. तोंडात धरायचं तर ग्रीस चालंल का, इचार करा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी हसूही.

"आता तुमी," ते म्हणाले.

मला दहा बोटं आहेत. पहिली स्प्रिंग उडून खाटेखाली गेली. दुसऱ्यांदा खटका उलटा बसला. त्यांनी दोन्ही वेळा सगळं परत ताटात ठेवायला लावलं. तिसऱ्यांदा बसला. एक थेंब तेल. मग बाकीचे खटके, चक्रं, बेअरिंग, ड्रम, वरची कडी. ताट रिकामं झालं.

काकांनी विंच मांडीवर घेतला, कान ड्रमला लावला आणि डाव्या हाताने हळूच फिरवला. टक. टक. टक. बराच वेळ फिरवत राहिले. सून पदर तोंडाला लावून उभी होती, आणि मी खटके मोजत होते.

मग त्यांनी कवळी पाण्याने धुतली, तोंडात बसवली, ओठावरची काळी रेघ रुमालाने पुसली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "हां. आता चहा."